मल्टिमीटर बरोबर, रीडिंग चूक: एडीसी इनपुटच्या या चुका टाळा

१२ व्होल्टची बॅटरी, तिचा व्होल्टेज कमी करायला १००के आणि २७के (के म्हणजे किलोओहम) या दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर, पुढे एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर. मल्टिमीटर पिनवर २.५५ व्होल्ट दाखवतो, चिपमधला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, मात्र भलताच आकडा देतो. वर शेजारच्या चॅनेलवरचा एलडीआर (उजेड ओळखणारा रेझिस्टर) हाताने झाकला की बॅटरीचा आकडाही हलतो! मी दोन संध्याकाळी कोड तपासण्यात घालवल्या. कोडमध्ये काहीच चूक नव्हती.

मल्टिमीटर जवळजवळ नुसता बघतो. एडीसी दर सॅम्पलला इनपुटमधून घोटभर चार्ज ओढतो. चिपच्या आत जास्तीत जास्त ८ पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. सॅम्पलिंगपुरता तो तुमच्या पिनला जोडला जातो आणि तेवढ्याच वेळात भरावा लागतो. अर्धवट भरला, तर आधीच्या चॅनेलचा उष्टा व्होल्टेज त्यात उरतो. एलडीआरचं भूत ते हेच.

आपल्या डिव्हायडरचा सोर्स रेझिस्टन्स, म्हणजे पिनला दिसणारा त्याचा एकूण रेझिस्टन्स, होतो सुमारे २१के. डेटाशीट सांगते, १४ मेगाहर्ट्झ एडीसी क्लॉकवर १.५ सायकल सॅम्पलिंग ठेवलं तर फक्त ०.४के चालतो, २८.५ सायकलला २५.२के. म्हणजे फुकटातला उपाय आधी करा: ५५.५ सायकल ठेवा. तेवढ्याने आकडा सुधारला, तर दोष इथेच होता. रेझिस्टर दहापट लहान करणारे बरेच भेटतात. त्याने २.१के होतो, १.५ सायकलला तोही पुरत नाही, आणि बॅटरीतून रात्रंदिवस जवळपास १ मिलिअँपिअर जात राहतो. शंभर रीडिंगची सरासरी काढूनही हा दोष जात नाही.

दुसरा उपाय १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, तोही चिपच्या पिनला चिकटून. डिव्हायडरपाशी लावून लांब ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) ओढू नका. १२ बिटमध्ये चूक अर्ध्या काउंटच्या (काउंट म्हणजे एडीसीच्या आकड्याची एक पायरी) आत ठेवायला ८ पिकोफॅरडच्या ८१९२ पट, म्हणजे साधारण ६५ नॅनोफॅरड लागतात. पण २१केबरोबर १०० नॅनोफॅरडचा ७५ हर्ट्झच्या आसपास फिल्टर होतो. बॅटरीला उत्तम, ५० हर्ट्झची वेव्ह मोजायला नाही. दोन सॅम्पलमध्ये थोडी उसंतही हवी, नाहीतर हा कपॅसिटर पुन्हा भरत नाही. ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) आउटपुटवर हाच कपॅसिटर थेट लावला तर ऑप-अँप ऑसिलेट होऊ शकतो; मध्ये छोटा रेझिस्टर घाला.

रिले चालू झाल्यावरच आकडा उडतो? मग ग्राउंड बघा. १ औंस (ही तांब्याच्या थराची जाडी) तांब्याचा ०.५ मिमी रुंद, ५० मिमी लांब ट्रॅक सुमारे ५० मिलिओहमचा. त्यातून रिलेचे १०० मिलिअँपिअर गेले की ५ मिलिव्होल्ट, म्हणजे ६ काउंट. रिलेचा परतीचा रस्ता वेगळा काढा.

सगळी चॅनेल्स एकाच प्रमाणात चुकत असतील तर संशय रेफरन्सवर, म्हणजे एडीसी ज्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो त्यावर. या चिपच्या ४८ पिनी प्रकारात वेगळी रेफरन्स पिन नाही. अ‍ॅनालॉग सप्लाय हाच रेफरन्स. रेग्युलेटर ३.३ऐवजी ३.२४ देत असेल, तर प्रत्येक आकडा जवळपास २ टक्के जास्त येतो. आतला १.२ व्होल्टचा रेफरन्स वाचून हिशोब सुधारता येतो, पण तो स्वतःच १.१६ ते १.२४च्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यामुळे प्रत्येक बोर्ड एकदा मल्टिमीटरशी ताडून बघा आणि त्या बोर्डाचा गुणक फ्लॅशमध्ये लिहून ठेवा.