दाखल्याच्या सेवेचा अभ्यास कसा करावा
उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवेचा अभ्यास करताना प्रश्नावली वाटण्याआधी, परवानगी घेऊन, सेतू केंद्राच्या खिडकीजवळ बसून निरीक्षण करावे. अर्जदार पिशवीतून कोणते कागद काढतो, कोणत्या रकान्यापाशी अडून शेजारच्याला विचारतो आणि कशासाठी परत पाठवला जातो, हे जसेच्या तसे टिपावे. ‘फॉर्म सोपा वाटला का?’ असे विचारू नये, कारण लोक भिडेखातर होच म्हणतात. त्याऐवजी ‘मागच्या वेळी काय काय केलेत, सुरुवातीपासून सांगा’ असे म्हणावे. मग सेवा-विपणनाच्या अभ्यासक लिन शोस्टॅक यांच्या १९८४च्या लेखातील सेवा-आराखड्याप्रमाणे, म्हणजे सेवेचे सगळे टप्पे दाखवणाऱ्या आकृतीप्रमाणे, एक आडवी रेषा ओढून नागरिकाला दिसणारी कामे वर आणि कागदपत्रांची पडताळणी, तहसील कार्यालयातील मंजुरी वगैरे पडद्यामागची कामे खाली मांडावीत. प्रत्येक टप्प्यावर अर्ज आल्याची व पुढे गेल्याची तारीख लिहावी.