.२२, .३२ आणि ९ मिमी: छोट्या पिस्तुलांचा धक्का कसा तोलावा

आधी कायदा. ९ मिमी पॅराबेलम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (सामान्य परवान्यावर न मिळणारा नळीचा व्यास) आहे, त्यामुळे मुंबईत रेंजवर प्रत्यक्ष तुलना बहुधा .२२ आणि .३२ मध्येच होते.

कागदावरचा हिशेब सोपा. गोळीचं वजन गुणिले वेग. .३२ एसीपीची (.३२ पिस्तुलाचं नेहमीचं काडतूस) गोळी साधारण ४.६ ग्रॅम, वेग सेकंदाला २७५ मीटर. ९ मिमीची ७.५ ग्रॅम, ३५० मीटर. गुणाकार दुप्पट, म्हणून तेवढ्याच वजनाच्या पिस्तुलात धक्क्याची ऊर्जा चौपट. .२२ यात जवळजवळ खेळणंच वाटतं (सुरक्षेचे नियम मात्र तेच).

पण हाताला हा हिशेब तसाच लागत नाही. .३२ ची बरीच पिस्तुलं ब्लोबॅक असतात: नळी स्थिर, सगळा भार स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) आणि कडक स्प्रिंगवर. त्यामुळे हलक्या .३२ चा फटका अपेक्षेपेक्षा तीक्ष्ण बसतो. पकड आखूड असेल, करंगळी हवेत राहिली, तर तोंड आणखी उसळतं.

अंतर ७ मीटर ठेवा. प्रत्येक पिस्तुलाच्या पाच गोळ्या झाडा, नवख्याला सुरुवातीला एकेकच भरून द्या. गोळ्यांचा पुंजका आणि निशाणावर परतायला लागणारा वेळ, दोन्ही टिपा. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर तो धक्क्याआधीच दचकतोय. रेंजवरच्या प्रशिक्षकाकडून मध्येच एखादं डमी (बारूद नसलेलं) काडतूस भरून घ्या, दचकणं लगेच दिसेल. मनगट ढिलं असेल तर रिकामं काडतूस अडकतं. अंगठा स्लाइडमागे नको, सोलवटतो. मे महिन्यात तळवे पुसायला नॅपकिन हवाच, घामट पकडीत तुलना फसते.