मनोरुग्णाने डोळ्याला इजा करून घेतली तर

तीव्र सायकोसिसमध्ये (वास्तवाचं भान सुटतं अशा मानसिक आजारात) असं घडतं, तेव्हा पहिली चूक हटकून एकच होते. रक्त पाहून कुणीतरी कापसाचा बोळा दाबून धरतं. डोळा फाटला असेल तर त्या दाबाने आतला भाग बाहेर येतो. कागदी कपाचा तळाकडचा वाटीसारखा भाग कापून घ्या आणि तो डोळ्यावर ठेवा, कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवून चिकटपट्टी लावा. थेंब, मलम नको. पाण्याने धुवायचं ते फक्त रसायन गेलं असेल तर. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. १०८ बोलवा.

दुसऱ्या डोळ्यालाही इजा करून घेण्याचा धोका लगेच टळत नाही. एक माणूस हाताच्या अंतरावर हवाच, रात्रीही. ‘डोळ्यांनी पाप केलं’ असं बोलणं सुरू झालं की वाद न घालता मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.