लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवताना परवान्याचा मजकूर वगळला जाऊ नये म्हणून

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची पेढी असो वा विश्रामबागेतील छोटे कार्यालय, जुने संगणक उबुंटू या लिनक्स प्रणालीवर आणले की टाइम्स न्यू रोमन आणि एरियल या फाँटची मागणी येतेच, कारण बाहेरून आलेली वर्डची पत्रे त्यांच्याशिवाय नीट दिसत नाहीत. हे फाँट मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली मिळतात. मूळ फाइल जशीच्या तशी वाटण्याचीच मुभा परवाना देतो. त्यामुळे उबुंटूच्या मल्टिव्हर्स या, बंधने असलेल्या सॉफ्टवेअरच्या विभागातील पॅकेजमध्ये (स्थापनेसाठीच्या गठ्ठ्यात) प्रत्यक्ष फाँट नसतात, तर परवाना मान्य केल्यावर ते सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून उतरवले जातात.

एकाच संगणकावर काम असेल, तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, परवान्याचा मजकूर उमटतो. तो बाणाच्या कळांनी शेवटपर्यंत वाचावा, टॅब दाबून 'ओके'वर यावे, एंटर द्यावे आणि पुढच्या प्रश्नाला होकार किंवा नकार कळवावा. टॅबची ही गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकजण येथेच अडकतात.

खरी काळजी घ्यावी लागते ती अनेक संगणकांवर एकदम काम करताना. 'ॲप्ट' या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेला दिलेला 'वाय' हा पर्याय फक्त ॲप्टच्या स्वतःच्या प्रश्नाला होकार देतो, परवान्याला नाही. आणि डेबकॉन्फ, म्हणजे स्थापनेवेळी पॅकेजचे प्रश्न विचारणारी यंत्रणा, विनासंवाद पद्धतीने (प्रश्न न दाखवता) चालवल्यास परवाना दाखवता आला नाही, असे सांगून ही फाँटची स्थापना थांबते, जे योग्यच आहे. अशा वेळी 'डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स' या आज्ञेला पॅकेजचे नाव, प्रश्नाचे नाव, प्रकार आणि 'ट्रू' हे उत्तर स्थापनेपूर्वी द्यावे. मात्र हे उत्तर म्हणजे संस्थेच्या वतीने दिलेली संमती असते. म्हणून संस्थेतील अधिकार असलेल्या व्यक्तीने आधी एका संगणकावर मजकूर वाचावा आणि त्याची प्रत तारखेसह दप्तरी ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

स्वतःचे पॅकेज बनवणाऱ्यांनी डेबकॉन्फचे प्रश्न लिहिण्याच्या टेम्पलेट्स फाइलमध्ये परवान्याचा मजकूर व होय-नाहीचा प्रश्न वेगवेगळे ठेवावेत, प्रश्नाचे मूळ उत्तर 'फॉल्स' आणि प्राधान्य 'क्रिटिकल' असावे, आणि फाइली उलगडण्यापूर्वी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ते उत्तर तपासावे. एकदा दाखवलेला प्रश्न डेबकॉन्फ पुन्हा विचारत नाही. परवाना बदलला, तर 'सीन' (प्रश्न दाखवून झाला) ही खूण मुद्दाम पुसावी लागते.

आरपीएम या, फेडोरासारख्या लिनक्स प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या पॅकेज पद्धतीच्या स्क्रिप्ट स्थापनेदरम्यान प्रश्न विचारण्यासाठी नसतातच. अशा प्रणालीसाठी पॅकेज बनवणाऱ्याने परवाना प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना दाखवावा आणि होकार मिळेपर्यंत पुढे जाऊ देऊ नये.