ग्राफिक्स चिप गेली: दुरुस्ती की नवा लॅपटॉप?
ऐन मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ च्या घरात असताना, लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटर उघडला की रंगीत चौकोन दिसायचे, मग स्क्रीन काळी. एचडीएमआयने टीव्ही जोडून बघितला, तिथेही तेच. म्हणजे स्क्रीन ठीक, ग्राफिक्स चिप (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी) गेलेली.

सीताबर्डी बाजारातला कारागीर प्रामाणिक निघाला. "दादा, चिप तापवून देतो, पण जास्त दिवस टिकणार नाही." बरोबरच आहे, बिघाड बहुतेकदा चिपच्या आतल्या जोडणीत असतो, तापवून ती तात्पुरतीच सावरते. म्हणून ते केलंच नाही, पैसे वाचले!

घरी सेफ मोडमधून (विंडोज कमीत कमी गोष्टींवर सुरू होते तो मोड) डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या भागांची यादी, उघडलं आणि ती बिघडलेली वेगळी ग्राफिक्स चिप डिसेबल (बंद) केली. आता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर पोरीचा अभ्यास मस्त चालतो. ती सोय नसती आणि मदरबोर्डच बदलायचा असता, तर एसएसडी (फाइल्स साठवणारा भाग) काढून सरळ नवा लॅपटॉप घेतला असता.