साइट 'सॉफ्टवेअर टाका' म्हणतेय? आधी हे तपासा

कोरेगावातल्या घरचा कॉम्प्युटर असो की तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा, तक्रार बहुधा एकच असते. पेज उघडलं, मधे राखाडी चौकोन आला आणि त्यात 'हे डाउनलोड करा' असं बटण. ते दाबू नका. व्हिडिओ, आवाज, पीडीएफ, मराठी अक्षरं हे सगळं आता ब्राउझर स्वतःच दाखवतो. फ्लॅश प्लेअर, म्हणजे पेजवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारं अडोबी कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर, ३१ डिसेंबर २०२० ला संपला. १२ जानेवारी २०२१ पासून तर अडोबीनेच तो चालू देणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टचा तसाच सिल्व्हरलाइटही ऑक्टोबर २०२१ मध्ये गेला. त्यामुळे आज 'फ्लॅश अपडेट करा' म्हणणारं पेज सरळ थाप मारतंय.

मग पेज उघडत का नाही? या क्रमाने बघा.

सगळ्यात आधी तारीख. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ हा बटन सेल असतो. तो उतरला की लाइट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागते. लोक यावर अँटिव्हायरस विकत घेतात. बदलायचा असतो तो सेल.

मग ब्राउझरची आवृत्ती. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. तिथे अपडेट आपोआप सुरू होतं. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोम १०९ वरच अडकतो आणि वर काहीही टाकून उपयोग नाही.

नंतर कंट्रोल, शिफ्ट, एन एकत्र दाबून इन्कॉग्निटो खिडकीत तेच पेज उघडा. तिथे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. इथे पेज चाललं, तर कॉम्प्युटरवर काही कमी नाही, उलट जास्त झालंय. एक्स्टेंशन एकेक बंद करून दोषी शोधा. इथेही चाललं नाही, तर फायरफॉक्समध्ये बघा; दोन्हीकडे अडलं तर दोष बहुधा साइटचाच.

बटण दाबूनही काहीच होत नसेल तर ॲड्रेस पट्टीच्या उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याची खूण आहे का बघा. पावती नव्या खिडकीत उघडणाऱ्या सरकारी साइटवर हे हमखास होतं. परवानगी त्या एकाच साइटला द्या.

जादा सॉफ्टवेअर खरोखर लागतं अशी कामं थोडी. डिजिटल सहीचा सातबारा वाचायला, छापायला ब्राउझर पुरतो. सहीवरचं प्रश्नचिन्ह (सही अजून पडताळलेली नाही याची खूण) तपासायचं असेल तर मात्र अडोबी रीडर लागतो. तो फुकट आहे. अडोबीच्याच साइटवरून घ्या आणि सोबत टिक करून ठेवलेला अँटिव्हायरस असेल तर काढा. सहीवर राइट क्लिक, व्हॅलिडेट सिग्नेचर, सिग्नेचर प्रॉपर्टीज, पुढे सर्टिफिकेट दाखवून 'ट्रस्ट' टॅबमध्ये विश्वास द्यायचा. यात एक गोम आहे: हिरवी खूण तुम्ही दिलेल्या विश्वासामुळे उमटते. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर हे कधी करू नका. उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या पोर्टलवर टाकून बघा.

दुसरं काम डीएससीचं, म्हणजे स्वतः डिजिटल सही करण्याच्या प्रमाणपत्राचं. सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर जीएसटी रिटर्नवर सही करायला टोकनचा (ते प्रमाणपत्र ज्यात असतं त्या यूएसबी पेनचा) ड्रायव्हर आणि ईएमसाइनर हे सही करणारं सॉफ्टवेअर हवेतच. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मोबाइलवरच्या ओटीपीने भागतं. 'सर्व्हरशी जोडणी झाली नाही' असा संदेश आला तर बहुतेक वेळा ईएमसाइनर चालूच नसतो. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने सुरू करा.

जुन्या एखाद्या मराठी पेजवर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा खिचडा दिसला, तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही. त्याला हवा त्याचा मूळ फॉन्ट, प्रोग्रॅम नव्हे.

शेवटी सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मध्ये जाऊन फ्लॅश, सिल्व्हरलाइट आणि टूलबार काढून टाका. जावा काढण्याआधी मात्र सही करणारं एखादं सॉफ्टवेअर त्यावर चालतंय का ते तुमच्या कर सल्लागाराला विचारा, नाहीतर रिटर्नच्या शेवटच्या तारखेला धावाधाव होईल.