भिंतीवरची मूल्ये आणि महिन्याचा कॉस्टिंग तक्ता: या चुका टाळा

दर्शनी भिंतीवर ‘गुणवत्ता सर्वप्रथम’ अशी पाटी, आणि महिन्याच्या आढाव्यात चर्चा मात्र प्रति नग खर्चाची, तीही दशांशापुढच्या दोन आकड्यांपर्यंत. हे दृश्य इतके सरावाचे झाले आहे की त्यात कोणाला काही खटकत नाही. कॉस्टिंगची, म्हणजे मालाचा खर्च काढण्याची, पद्धत निवडायची हिशेब विभागाने, मूल्ये ठरवायची मनुष्यबळ विभागाने, आणि दोघांची गाठ पडायची वर्षातून एकदा, बक्षीस समारंभात. पण माणसे शिकतात ती महिन्याच्या तक्त्यातून. कोणता खर्च दिसतो, कोणता दडतो आणि कोणाच्या नावावर पडतो, एवढ्यावरून कामगारापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे बरोबर ओळखतात की इथे कशाला किंमत आहे. म्हणून पद्धत निवडण्यातल्या चुका आणि मूल्यांबाबतच्या चुका मी इथे वेगळ्या काढलेल्या नाहीत.

सॉफ्टवेअर आधी, प्रश्न नंतर

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. सॉफ्टवेअरमध्ये जे मॉड्यूल मिळाले, ती आपली पद्धत. खरे तर पहिला प्रश्न साधा आहे: आपल्याकडून बाहेर काय जाते? प्रत्येक ऑर्डर वेगळी असेल (छपाई, साचे, बांधकाम, सल्लासेवा) तर खर्च ऑर्डरवार गोळा करावा लागतो, म्हणजे जॉब कॉस्टिंग. एकसारखा माल अखंड वाहत असेल (सिमेंट, रंग, साखर) तर प्रोसेस कॉस्टिंग, म्हणजे प्रक्रियेचा एकूण खर्च सगळ्या मालावर सरासरीने. बऱ्याच ठिकाणी दोन्हींची सरमिसळ असते: कच्चा माल ऑर्डरप्रमाणे बदलतो, पण प्रक्रिया सगळ्यांना तीच. तिथे साहित्याचा खर्च बॅचवार आणि प्रक्रियेचा खर्च सरासरीने घेतला तरी भागते.

दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: या आकड्यावर कोणता निर्णय घ्यायचा आहे? ताळेबंदासाठी साठ्याचे मूल्य काढायचे, दर ठरवायचा आणि कामात सुधारणा करायची, ही तीन वेगळी कामे आहेत. एकाच पद्धतीने ही सगळी कामे नीट होत नाहीत, हे कॉस्टिंगचे अभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८८ मध्येच मांडले होते. तरीही लेखापरीक्षकासाठी तयार केलेला आकडा उचलून त्यावरच उत्पादन बंद करायचे की चालू ठेवायचे हे ठरवले जाते.

पद्धत चुकली आहे हे कसे ओळखायचे? विक्री विभागाकडे स्वतःची वेगळी एक्सेल शीट असेल, तर समजा की अधिकृत आकड्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. त्यांना रागावण्याआधी ती शीट मागून घ्या. पुष्कळदा तीच जास्त बरोबर असते.

एकच दर, सगळ्यांना सारखा

ओव्हरहेडचे (थेट कोणत्याही एका नगाला न जोडता येणाऱ्या खर्चाचे) वाटप मजुरीच्या तासांवर करण्याची प्रथा जुन्या काळातली आहे. तेव्हा एकूण खर्चात प्रत्यक्ष मजुरीचा वाटा मोठा होता. पुढे यंत्रे वाढली, मजुरीचा वाटा घटला, नियोजन, तपासणी, सेटअप (नव्या बॅचसाठी यंत्राची जुळवणी) यांचा खर्च फुगला, पण वाटपाचा पाया तोच राहिला. त्यातून १९८०च्या दशकात रॉबिन कूपर आणि कॅप्लन यांनी ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग पुढे आणले, म्हणजे ज्या मालासाठी जे काम जितके होते तितका त्या कामाचा खर्च त्याच्यावर टाकायचा.

आकड्यांत पाहू. ‘अ’ हा माल ९,००० नग निघतो, ‘ब’ हा १,००० नग. दोघांनाही नगामागे एक तास मजुरी लागते. ओव्हरहेड १० लाख. तासावर वाटले तर प्रत्येक नगावर १०० पडतात, दोघे सारखेच. आता जरा आत डोकावा. या १० लाखांपैकी ६ लाख सेटअपचे आहेत आणि वर्षभरातल्या ५० सेटअपपैकी ४० एकट्या ‘ब’साठी होतात, कारण तो लहान लहान बॅचमध्ये जातो. एका सेटअपचे १२,००० धरले तर ‘ब’च्या वाट्याला ४ लाख ८० हजार येतात, म्हणजे नगामागे ४८०. उरलेले ४ लाख तासांवर वाटून ४० मिळवले की ‘ब’वरचा ओव्हरहेड नगाला ५२० होतो. ‘अ’वरचा मात्र जेमतेम ५३. म्हणजे इतकी वर्षे ‘अ’ आपल्या खांद्यावर ‘ब’ला वाहत होता, आणि विक्रीवाले ‘ब’च्या ऑर्डर आणल्याबद्दल बक्षिसे घेत होते.

आता यात मूल्यांचा काय संबंध? ‘आम्ही सर्वांशी न्यायाने वागतो’ असे लिहिलेल्या कंपनीत ‘अ’ विभागाचा प्रमुख दर वर्षी ‘तुमचे मार्जिन कमी का’ याचे उत्तर देत उभा असतो. त्याला आतून माहीत असते की दोष वाटपाचा आहे. दोन-तीन वर्षांत तो एक तर कंपनी सोडतो किंवा आकड्यांशी खेळायला शिकतो.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक: सगळेच मोजायला जाणे. शंभर कामे, त्यांचे दोनशे निकष, आणि महिनाअखेर प्रत्येकाने भरायचा तक्ता. मी एका ठिकाणी पाहिले आहे, लोक आठवड्याचे तास शुक्रवारी संध्याकाळी आठवून आठवून भरत आणि बेरीज मात्र न चुकता शंभर टक्के जुळत असे. एवढ्या जुळणीनेच शंका यायला हवी होती. याच त्रासावर उपाय म्हणून कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये वेळेवर आधारलेली सोपी पद्धत सुचवली. तिला दोनच गोष्टी लागतात: विभागाच्या एका मिनिटाचा खर्च, आणि एका कामाला लागणारी मिनिटे. क्षमता धरतानाही कागदावरची पूर्ण वेळ न धरता तिच्या ८० ते ८५ टक्के धरायची, कारण माणसे जेवतात, बोलतात, प्रशिक्षणाला जातात. जी मिनिटे वापरली गेली नाहीत ती रिकामी क्षमता म्हणून वेगळी दिसतात.

गोदाम भरून कमावलेला नफा

ही चूक हुशार माणसेही करतात, कारण ती नियमात बसते. समजा स्थिर खर्च (नग कितीही बनले तरी तेवढाच राहणारा) १२ लाख आणि विक्री १०,००० नग. तेवढेच नग बनवले तर नगावर १२० स्थिर खर्च बसतो. १५,००० बनवले तर ८०. न विकलेल्या ५,००० नगांसोबत ४ लाखांचा खर्च गोदामात जाऊन बसतो आणि यंदाचा नफा ४ लाखांनी जास्त दिसतो. विक्री एका नगाने वाढलेली नसते.

कारखाना व्यवस्थापकाचा बोनस या नफ्यावर असेल तर तो काय करील हे सांगायला नको. ‘अपव्यय टाळा’ हे मूल्य भिंतीवर आणि तीन महिन्यांचा माल गोदामात. इथे व्यवस्थापकाला नीतिमत्तेचे व्याख्यान देऊन काही होणार नाही. अंतर्गत आढाव्यासाठी स्थिर खर्च त्या त्या महिन्यातच संपवणारा, फक्त बदलता खर्च नगावर धरणारा तक्ता वापरा, आणि बोनसचा निकष विक्री व साठा या दोन्हींना बांधा. बाहेरच्या हिशेबात मात्र पूर्ण खर्चाची पद्धत लागतेच. आयएएस २ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उत्पादनाचा स्थिर खर्च साठ्यात धरावा लागतो, आणि तोही सामान्य क्षमतेच्या, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत सरासरी जेवढे उत्पादन होते त्याच्या, हिशेबाने.

सामान्य क्षमतेची ही अट घरच्या हिशेबातही उपयोगी आहे. ती नसली की उलटा फेरा सुरू होतो: मागणी घटली, तोच खर्च कमी नगांवर वाटला, नगाचा खर्च चढला, म्हणून दर वाढवला, त्यामुळे मागणी आणखी घटली. मंदीत दर वाढवणाऱ्या कंपन्या पाहून नवल वाटते, पण आतले लोक प्रामाणिकपणे तक्ता वाचत असतात. रिकाम्या यंत्राचा खर्च चालू ग्राहकाच्या माथी मारू नका. तो वेगळ्या ओळीत दाखवा आणि त्या ओळीचे उत्तर वरच्यांनी द्यावे.

खरेदीची शाबासकी, उत्पादनाचे हाल

स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये खर्च आधी ठरवून ठेवतात आणि प्रत्यक्षातला फरक, म्हणजे व्हेरिअन्स, मोजतात. खरेदी विभागाला दराच्या व्हेरिअन्सवर जोखतात, उत्पादनाला वापराच्या. खरेदीवाला स्वस्त माल आणतो, त्याचा आकडा हिरवा. तो माल यंत्रावर फाटतो, वाया जातो, उत्पादनाचा आकडा लाल. मग बैठकीत दोघे एकमेकांवर धावून जातात आणि मनुष्यबळ विभाग संघभावनेची कार्यशाळा ठेवतो. कार्यशाळेने काही बिघडत नाही, पण दोन्ही व्हेरिअन्स एकाच ओळीत, दोघांच्या नावाने दाखवले तर तिची गरज बहुधा पडणार नाही.

जे मूल्य म्हणता, त्याचा खर्च कुठे दिसतो?

गुणवत्तेचा खर्च चार खणांत पाहण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे: चूक टाळण्यासाठी केलेला खर्च, तपासणीचा खर्च, माल बाहेर जाण्यापूर्वी सापडलेल्या बिघाडाचा खर्च, आणि ग्राहकाकडे गेल्यावर उघडकीला आलेल्या बिघाडाचा. बहुतेक तक्त्यांत पहिले दोन ठळक दिसतात, कारण त्यांना पगार आणि बिले असतात. शेवटचे दोन मात्र रीवर्क (बिघडलेला माल पुन्हा दुरुस्त करणे), जादा वाहतूक, सवलत, ‘इतर खर्च’ असे विखुरलेले असतात. मग काटकसरीची वेळ आली की कात्री कशावर चालते? जे दिसते त्यावर. आधी प्रशिक्षण जाते, मग तपासनीस. कोणीही गुणवत्तेच्या विरोधात निर्णय घेतलेला नसतो, तरी तो होऊन जातो. रीवर्कसाठी वेगळे खाते उघडणे हे दहा मिनिटांचे काम आहे. गुणवत्तेच्या दहा पाट्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

टोयोटाच्या कारखान्यात बिघाड दिसला की कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो, आणि तो बिघाड वेळेत मिटला नाही तर लाइन थांबते. ही अँडनची दोरी अनेकांनी उचलून आपल्याकडे बसवली. पण फळीवर प्रत्येक पाळीच्या यंत्रवापराची टक्केवारी लागत असेल, आणि थांबलेली मिनिटे पर्यवेक्षकाच्या नावावर चढत असतील, तर त्या दोरीवर धूळच बसणार.

व्यवस्थापनाचे अभ्यासक एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, तोंडाने सांगितली जाणारी मूल्ये, आणि कोणी बोलून न दाखवता सगळे गृहीत धरतात त्या समजुती. कॉस्टिंगचा तक्ता पहिल्या थरात दिसतो, पण घडवतो तिसऱ्याला. पहिल्या दोन थरांचा मेळ घालून लोक थांबतात, तिथेच घोटाळा होतो.

लक्ष्य एक, मूल्य दुसरे

एक गोष्ट हवी असताना भलत्याच गोष्टीला बक्षीस देण्याच्या वेडेपणावर व्यवस्थापनाचे अभ्यासक स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्ये लिहिले. पुढे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत हे मोठ्या प्रमाणावर दिसले. ग्राहकाचे हित पुढे ठेवणारी मूल्ये छापील होती. त्याच वेळी प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादने विकण्याचे लक्ष्य होते. २०१६ मध्ये ग्राहकांच्या संमतीशिवाय उघडलेल्या खात्यांचे प्रकरण बाहेर आले, १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेल्याचे समोर आले. इतके लोक एकाच वेळी मुळातच अप्रामाणिक निघतात यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

तुमच्याकडे असे काही शिजते आहे का, हे तपासायला मोठे सर्वेक्षण नको. मूल्यांची यादी आणि गेल्या वर्षीच्या बोनसचे निकष एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. ज्या मूल्यासमोर एकही निकष नाही, किंवा उलटा निकष आहे, तिथे खूण करा. मग प्रत्येक मूल्यासाठी विचारा: यापायी गेल्या वर्षी आपण कोणती ऑर्डर सोडली, कोणता माल परत बोलावला, कोणाला नाही म्हटले? एकही उत्तर न मिळालेले मूल्य यादीतून काढले तरी चालेल. लाज वाटायचे कारण नाही. सात मूल्ये कोणाला पाठ असतात?

बदल लागू करताना

नवी पद्धत निदान तीन महिने जुनीच्या बरोबरीने चालवा. एखाद्याच उत्पादनापासून सुरुवात करा, शक्यतो ज्याच्या आकड्यावर सगळ्यात जास्त भांडण होते त्यापासून. तास, सेटअप, फेऱ्या यांचे अंदाज खालच्या पर्यवेक्षकाकडून घ्या. हिशेब विभागाने टेबलावर बसून काढलेले अंदाज सहसा गोल आकड्यांचे असतात, तेच पाहून ओळखता येतात. मुख्य कार्यालयाच्या खर्चाचा वाटा विभागांना दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण ज्या ओळीवर विभागप्रमुखाचा ताबा नाही त्या ओळीच्या वर एक रेघ मारा आणि त्याचे मूल्यमापन त्या रेघेवर थांबवा.

पहिल्या अहवालात कोणाचे तरी लाडके उत्पादन तोट्यात निघणार, हे धरून चाला. बहुधा ते संस्थापकाचेच असते. त्या दिवशी बैठकीत पहिला प्रश्न ‘हे कोणामुळे झाले’ असा आला, तर पुढच्या महिन्यापासून सेटअपची मिनिटे आपोआप कमी भरली जातील आणि तक्ता पुन्हा सगळ्यांना आवडेल असा दिसू लागेल. म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांना भेटा, तो आकडा त्यांना एकट्याने पाहू द्या, आणि पहिला प्रश्न ‘या बॅच इतक्या लहान का निघतात’ हा असावा, एवढे ठरवून घ्या.